पाडव्याची तारीख

"आधी वाचा, मग घाबरा."

फोनवर पलीकडचा माणूस कितीही आरडाओरडा करत असला तरी आमच्या सरांचं पहिलं वाक्य हेच असायचं. सर्व्हर लागतोय पण डेटाबेस सुरू होत नाही, बिलं अडलीत, पेशंट खोळंबलेत, शेठ डोक्यावर उभे आहेत, असं सगळं तिकडून धबाधबा येत असायचं. इकडे सर तोंडातली बडीशेप सावकाश चावत म्हणायचे, स्क्रीनवर काय लिहिलंय ते वाचा. पलीकडचा म्हणायचा, इंग्रजीत काहीतरी आलंय. सर म्हणायचे, मग इंग्रजीत वाचा.

नाशिकला शरणपूर रोडवर एका दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर आमचं ऑफिस होतं. नव्वदचं दशक संपत आलं होतं आणि ज्याच्या त्याच्या टेबलावर कॉम्प्युटर येऊन बसत होता. मी प्रोग्रॅम लिहायची. ते ज्या मशीनवर चालायचे, ती मशीनं सर सांभाळायचे. आम्ही तसे बरोबरीचे, पण त्यांना सगळे सर म्हणायचे म्हणून मीही म्हणायची, आणि ते मला मॅडम. त्यांचं नाव मी इथं लिहीत नाही. चारचौघांत आपलं नाव घेतलेलं त्यांना कधीच आवडलं नाही.

बिघडलेल्या मशीनसमोर त्यांना बसलेलं बघणं ही एक करमणूक होती. आधी खुर्ची मागून घ्यायचे. मग चष्मा पुसायचे. मग डेटाबेसनं सुरू होताना केलेली तक्रार पहिल्या ओळीपासून मोठ्यानं वाचायला लागायचे, घरातल्या म्हाताऱ्यांना पेपर वाचून दाखवावा तशी. खोलीत चार माणसं हात चोळत उभी असायची आणि सरांचा आवाज एका लयीत चालू. मधेच कुणी काही सुचवलं की डावा हात वर करून त्याला थांबवायचे. "ओरडतंय ना? म्हणजे जिवंत आहे," एवढं म्हणायचे आणि पुढची ओळ वाचायचे.

सातपूरच्या एका कारखान्यात एकदा सकाळी काही केल्या डेटाबेस उठेना. तिथल्या साहेबांनी मुंबईहून माणूस बोलवायची तयारी केली होती. सरांनी वाचलं आणि विचारलं की काल काय बदललं. कोणी काही बदललं नव्हतं. सरांनी पुन्हा विचारलं. मग साहेब म्हणाले की सुरक्षेसाठी मुख्य पासवर्ड बदलला, पण त्याचा याच्याशी काय संबंध? सर म्हणाले, डेटाबेससुद्धा त्याच पासवर्डनं आत जातो. घराचं कुलूप बदललंत आणि घरातल्याच माणसाला नवी किल्ली दिली नाहीत. साहेब खजील झाले, तसे सर घाईघाईनं म्हणाले की होतं असं, सगळ्यांकडून होतं.

दुसऱ्या एका ठिकाणी, एका दवाखान्यात, डिस्कवर तिळभर जागा उरली नव्हती म्हणून डेटाबेस अडून बसला होता. डॉक्टरांच्या चिरंजीवांनी सर्व्हरवर गाणी आणि गेम भरून ठेवले होते. हे सरांना पहिल्या झटक्यात दिसलं होतं. पण डॉक्टरांनी विचारलं तेव्हा त्यांनी फक्त "जागा कमी पडली" एवढंच सांगितलं. चिरंजीव दाराआड उभे होते, त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

हा त्यांचा नियमच होता. "काय बदललं ते सांगा. कोणी बदललं हे मी विचारत नाही," असं ते गेल्या गेल्या सांगून टाकायचे. मशीनजवळ शेवटचं कोण होतं, हे शोधायला प्रत्येक ऑफिसात सगळ्यांनाच भारी उत्साह असतो, आणि सापडतो तो नेहमी सर्वांत कमी पगाराचा माणूस. तुम्हीही कुठे ना कुठे हे पाहिलं असेल. सरांना त्याची चीड होती. त्यांचे वडील एका छापखान्यात कामाला होते आणि दुसऱ्याच्या चुकीपायी एकदा घरी बसले होते, एवढं त्यांनी मला कधीतरी सांगितलं होतं.

आणि अशा माणसाच्या हातून ती पिंपळगावची गोष्ट घडली.

पिंपळगाव बसवंतला एका बागायतदाराचं पॅकहाउस होतं. द्राक्षं यायची, निवडायची, पेट्यांत भरायची, थंड खोलीत ठेवायची आणि कंटेनरनं परदेशी जायची. कुठली पेटी कुठल्या शेतकऱ्याच्या कुठल्या बागेतली, हे सगळं कॉम्प्युटरवर ठेवायचं काम आम्हाला मिळालं होतं. मालक म्हातारे, त्यांना सगळे आबा म्हणत. कारभार मुलगा बघायचा, तो दादा. आणि कॉम्प्युटरवर बसायला एक मुलगी ठेवली होती. तिचं नाव वैशाली म्हणू या.

आबांची एकच अट होती. काम पाडव्याला सुरू झालं पाहिजे. आमच्याकडून मशीनच उशिरा आलं, तारा ओढायला वेळ गेला आणि पाडवा उलटून गेला. आम्ही पोचलो तेव्हा आबा कोपऱ्यातल्या खुर्चीत बसले होते. हार सुकलेला होता, नारळ तसाच. कुणावर रागावले नाहीत. "पाडवा गेला. आता काय, कवाबी चालू करा," एवढंच म्हणाले आणि उठून बाहेर गेले. त्या दिवशी मी पलीकडच्या खोलीत प्रिंटरशी झगडत होते. थोड्या वेळानं बघते तो आबा स्क्रीनसमोर बसलेले, चेहरा उजळलेला, एका बोटानं पहिल्या शेतकऱ्याचं नाव टाइप करताहेत आणि सर त्यांना अक्षरं दाखवताहेत. नारळ फुटला, पेढे वाटले गेले, आम्हाला जेवायला बसवलं. मला वाटलं, सरांनी म्हाताऱ्याची समजूत काढली. कशी काढली ते विचारायचं सुचलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिसात फोन. रात्री वीज गेली होती, सकाळी मशीन लावलं तर डेटाबेस सुरू होत नाही, कंटेनर दारात उभा आहे. आम्ही व्हॅन काढली. ओझर मागे पडेपर्यंत सर मला चिडवत होते की तुमचा प्रोग्रॅम बघून मशीननं जीव सोडला असेल.

पोचल्यावर त्यांनी खुर्ची मागितली, चष्मा पुसला आणि स्क्रीनकडे बघून वाचायला लागले. पण या वेळी मनातल्या मनात. मी मागेच उभी होते, मला हे विचित्र वाटलं. स्क्रीनवरचं मलाही दिसत होतं. डेटाबेसचं लायसन्स रोज सुरू होताना तारीख तपासतं. आधी कधी नोंदलेल्या तारखेपेक्षा आजची तारीख मागची दिसली, तर कुणीतरी फसवतंय असं समजून ते दारच उघडत नाही. इथं तसंच झालं होतं. मशीनवर मागची तारीख होती.

दादांनी विचारलं काय झालंय. सर म्हणाले, तारीख मागे गेलीय.

"कोणी नेली मागं?" दादांनी विचारलं.

इथं सरांनी नेहमीचं ते वाक्य म्हणायला हवं होतं. ते काहीच बोलले नाहीत. तेवढ्यात निवड करणाऱ्या बायकांपैकी एकीनं सांगितलं की वैशाली काल त्या कोपऱ्यातल्या घड्याळावर दाबून कॅलेंडर बघत होती. आणि ते खरं होतं. त्या काळात सगळेच असं करायचे. स्क्रीनच्या कोपऱ्यातल्या घड्याळावर दोनदा दाबलं की महिन्याचं पान उघडायचं. मंगळवार कधी, चतुर्थी कधी, लग्नाची तारीख कुठल्या वारी, हे बघायला ते सोयीचं वाटायचं. पण ते पान बघण्यासाठी नव्हतं, तारीख बदलण्यासाठी होतं. चुकून बोट दुसऱ्या दिवसावर पडलं आणि होकाराचं बटण दाबलं की संपलं.

वैशालीच्या भावाचा साखरपुडा होता. त्याचा वार बघायला तिनं ते उघडलं होतं, हे तिनं कबूल केलं. मग तिचं तिलाच वाटायला लागलं की आपल्याच हातून झालं असणार. दादा तोंडाला येईल ते बोलले. कंटेनर दारात उभा, आत माल भरलेला, माणूस बोलणारच. शेवटी म्हणाले, "दुपारनंतर घरी जा. उद्यापासून येऊ नको."

त्या मुलीसाठी हे नुसतं नोकरी जाणं नव्हतं. ती देवळ्याकडची. घरी कुणाला न विचारता बी.कॉम. झाली, भांडून कॉम्प्युटरचा क्लास केला, आणि पिंपळगावला मावशीकडे राहून काम करते म्हणाली तेव्हा वडिलांनी एकाच बोलीवर सोडलं होतं. कुठून एक तक्रार आली की परत यायचं, आणि मग आम्ही सांगू तिथं लग्न. हे तिनं आदल्याच दिवशी जेवताना मला आणि सरांना हसत हसत सांगितलं होतं.

सरांनी तारीख पुढे आणली, पण रुसलेलं लायसन्स तेवढ्यानं मानत नाही. मुंबईहून नवा आकडा मागवावा लागतो. त्यांनी फोन केला, फॅक्सची वाट बघणं आलं. तोवर दादांनी चार माणसांना हातानं कागद लिहायला बसवलं. मी जुन्या नोंदी वाचवता येतात का ते बघत होते. सर मात्र काहीच करत नव्हते. बाहेर जायचे, आत यायचे, पाणी प्यायचे. थंड खोलीच्या दारापाशी जाऊन उभे राहायचे. मला वाटलं, त्यांची तब्येत बिघडली.

दुपारी फॅक्स आला, नवा आकडा घातला आणि डेटाबेस सुरू झाला. दादांचा आवाज खाली आला. वैशालीला न्यायला तिची मावशी आली होती. दारातूनच तिनं विचारलं, "काय व्हयनं माय?" वैशालीनं डबा पिशवीत घातला, न उघडलेला, आणि सरांच्या खुर्चीपाशी येऊन उभी राहिली.

"सर, मी नक्की काय दाबलं ते दाखवता का? म्हणजे पुढं कुठं काम मिळालं तर असं व्हायला नको."

सर उठून उभे राहिले. त्यांचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. तिच्याकडे न बघता ते दादांना म्हणाले, "तारीख मी मागे नेली होती, दादा. आबांना पाडव्याची नोंद हवी होती म्हणून. नंतर पुढे आणायची राहून गेली. हिचा काही संबंध नाही."

दादा हसायला लागले. खरंच हसले. आमचा म्हातारा म्हंजे, म्हणून कपाळावर हात मारला. आबांना कळलं तसे ते शेतावरून आले आणि सरांचाच हात धरून म्हणाले की माझ्या हट्टापायी तुमची फजिती झाली. वैशालीला दादांनी तिथल्या तिथं सांगितलं की उद्या वेळेवर ये. तिनं डोळे पुसले आणि मावशीला चहा आणायला पळाली. कुणीही सरांना एका शब्दानं बोललं नाही. मला वाटतं, बोलले असते तर बरं झालं असतं.

परतीच्या वाटेवर ते व्हॅनच्या खिडकीला डोकं टेकून बसले होते. मी म्हटलं, होतं असं, सगळ्यांकडून होतं, हे तुमचंच वाक्य. त्यांनी मान हलवली. "चूक झाली त्याचं वाईट नाही वाटत हो. आमच्यात मुहूर्त बघत नाहीत, पण म्हाताऱ्याचं मन बघावं लागतं, म्हणून केलं. विसरलो. त्याचं एवढं नाही." ओझरच्या अलीकडे म्हणाले, "सकाळी पहिली ओळ वाचली तेव्हाच मला कळलं होतं, मॅडम."

मी म्हटलं, शेवटी सांगितलंत ना.

"तिनं विचारलं म्हणून. नसतं विचारलं तर?"

पुढची सगळी वर्षं ते या प्रश्नाभोवतीच फिरत राहिले. मला त्यांची कीव आली, थोडा रागही आला. पण त्यांनी ना मला कीव करू दिली, ना रागावू दिलं.

पिंपळगावला ते पुन्हा गेले नाहीत. तिकडचं काम निघालं की यांना ताप यायचा, नाहीतर नाशिकरोडला पाहुणे यायचे. त्यांच्या सबबी इतक्या कच्च्या असायच्या की ऑफिसात हसं व्हायचं. मी हसायची नाही. दुसऱ्या कुठल्याही ठिकाणी गेले की आता खुर्ची मागायच्या आधी म्हणायचे, मागच्या वेळी मी येऊन गेलो होतो, माझ्याकडून काही राहिलं असेल तर आधी ते बघू. गिऱ्हाइकं चक्रावायची. ज्याला बोलावलंय तोच आल्या आल्या गुन्हेगाराच्या जागी उभा राहतो, हे त्यांना समजायचं नाही. आमच्या मालकांनी दोनदा समज दिली की धंद्यात असं बोलू नये. सर हो म्हणाले आणि तसंच बोलत राहिले.

वैशाली मात्र तिथंच टिकली, पुढे तिथली ऑफिसप्रमुख झाली. अडचण आली की सरांनाच फोन करायची. तिचा आवाज ऐकला की सर खुर्चीतून उठून उभे राहायचे आणि सगळा फोन संपेपर्यंत उभ्यानं बोलायचे. आम्ही त्यावरून किती चेष्टा केली असेल! तिला तिकडे काय दिसणार होतं? ती आपली तिच्या शंका विचारायची, सर सांगायचे, शेवटी ती सांभाळून राहा म्हणायची आणि यांचे कान लाल व्हायचे. तिच्या लग्नाला आम्ही सगळे गेलो. नवरा तिनंच पसंत केलेला होता. सर मांडवाच्या कडेपर्यंत आले, अक्षता टाकल्या, आहेराचं पाकीट माझ्याकडे दिलं आणि जेवण व्हायच्या आत व्हॅनमध्ये जाऊन बसले. एकदा मी वैतागून म्हटलं, अहो, तिला जाऊन एकदा माफी मागा आणि मोकळे व्हा. ते म्हणाले, "तिच्यासमोर उभं राहायची लाज वाटते हो. ती काही बोलत नाही, हा तिचा मोठेपणा."

काही वर्षांनी ते गेले. छातीत दुखतंय म्हणून दवाखान्यात गेले आणि परत आले नाहीत. नाशिकरोडच्या त्यांच्या कॉलनीत पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम होता. बुद्धवंदना झाली, त्यांच्या भावानं दोन शब्द सांगितले, माणसं पांगायला लागली. सरांच्या पत्नी, आमच्या वहिनी, पांढऱ्या साडीत भिंतीला टेकून बसल्या होत्या, मी त्यांच्या शेजारी. तेवढ्यात वैशाली आली. पिंपळगावहून गाडी मिळायला उशीर झाला म्हणाली. वहिनींनी तिला कधी पाहिलं नव्हतं, पण नाव सांगताच त्या सरळ बसल्या.

वैशाली रडत रडत त्यांना पॅकहाउसची गोष्ट सांगायला लागली. आबांचा हट्ट, वीज गेली ते, दादांचं बोलणं, आपला भरलेला डबा. "मी सरांना विचारलं, मी काय दाबलं. तेव्हा सर विचारात पडले आणि त्यांच्या लक्षात आलं की हे आपल्याकडूनच झालंय. तर लगेच सांगितलं त्यांनी, सगळ्यांसमोर. एक मिनिट थांबले नाहीत. दुसरा कुणी असता तर लक्षात येऊनही गप्प बसला असता. मॅडम होत्या तिथं, विचारा त्यांना."

तिला माहीतच नव्हतं. इतकी वर्षं ज्या मुलीसमोर हा माणूस मान वर करू शकला नाही, तिला त्या सकाळचं काहीच ठाऊक नव्हतं. ती गप्प राहिली ती मोठेपणानं नव्हे, तर तिच्याकडे बोलण्यासारखं काही नव्हतंच म्हणून. हे सरांना कळलं असतं तर ते मोकळे झाले असते असं एक क्षण वाटलं. पण मी त्यांना ओळखत होते. ते आणखीच लाजले असते, आणि बहुधा पिंपळगावची पहिली गाडी पकडून तिला सगळं सांगून आले असते.

वहिनी माझ्याकडे बघत होत्या. त्या नजरेवरून मला समजलं की सरांनी घरी काहीच लपवलं नव्हतं, त्यांना सगळं माहीत होतं.

"लगेच सांगितलं ना हो त्यांनी?" वहिनींनी मला विचारलं.

"हो," मी म्हणाले. "लगेच सांगितलं."

वहिनींनी वैशालीचा हात हातात घेतला आणि तिला विचारलं की जेवलीस का.